वॉर्डातलं गाऱ्हाणं

मी मनोविकारतज्ज्ञ आहे असं कळलं की माणसं दोन प्रश्न विचारतात. पहिला, "पेशंट मारतात का हो?" आणि दुसरा, जरा आवाज खाली आणून, "एवढी वर्षं त्यांच्यात काढून तुम्हाला काही होत नाही?" पहिल्याचं उत्तर असं की आयुष्यात एकदाच मार खाल्ला, तोही पेशंटच्या सासूचा. दुसऱ्याचं उत्तर माझ्या बायकोला विचारावं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी अमिरातीत नोकरीला निघालो, तेव्हा अमरावतीच्या आमच्या शेजाऱ्यांनी तिसरा प्रश्न विचारला. "डॉक्टर, तिथं रस्ते गुळगुळीत, लाइट कधी जात नाही, सोनं पाहिजे तेवढं. तिथं कोणाला कशाला वेड लागेल?"

त्यांना काय सांगणार? गेलो, आणि दुसऱ्याच दिवशी माझ्या ओपीडीबाहेर बाकं कमी पडली.

आमचं शिक्षण झालं ते एका जुन्या मनोरुग्णालयात. दगडी भिंती, आत चिंचेची झाडं, आणि इंग्रजांच्या काळातला सुपरिंटेंडेंटचा बंगला. आमच्या सरांना एकोणिसाव्या शतकातल्या त्या 'वेड्यांच्या डॉक्टरां'बद्दल भारी जिव्हाळा होता. सर सांगायचे, "त्यांच्याकडे औषध म्हणून काही नव्हतंच रे. म्हणून ते पेशंटजवळ राहायचे. त्यांची डाळ चाखून बघायचे, त्यांच्याबरोबर बागेत खुरपं घेऊन बसायचे, आणि नुसते बघत राहायचे." त्या डॉक्टरांनी माणसांना कोंडून घातलं, साखळ्याही घातल्या, हे सर लपवत नसत. पण बघत बसायची त्यांची सवय मात्र त्यांनी आम्हाला लावली. दिवसातून एकदा पांढरा कोट काढून वॉर्डात जाऊन बसायचं, हातात काही घ्यायचं नाही, कोणाला काही विचारायचं नाही. अमिरातीतल्या आमच्या वॉर्डात मी हे सुरू केलं तेव्हा पहिले काही दिवस नर्सना वाटलं, नव्या डॉक्टरला कामाचा कंटाळा दिसतोय.

बाहेरच्यांना आमचं काम कळत नाही त्याचं कारण साधं आहे. हाड मोडलं तर ते फोटोत दिसतं. आमच्याकडे फोटो निघत नाही. पेशंट काय बोलतो, कसं बोलतो, कुठं थांबतो, यावरून आम्ही अंदाज बांधतो. आणि अमिरातीत तर बोलण्याचीच पंचाईत. पेशंट पठाण, नर्स केरळची, वरिष्ठ डॉक्टर सुदानचे आणि मी वऱ्हाडातला. सगळ्यांचं मिळून जे हिंदी तयार व्हायचं, त्यात दुःख सांगणं म्हणजे हातमोजे घालून सुईत दोरा ओवणं. एखादा माणूस पोटातलं ढवळून सांगायचा आणि आमच्यापर्यंत यायचं एवढंच की 'डॉक्टर साब, दिल में गडबड.'

मराठी घरं यायची त्यांची वेगळी गंमत. आई मराठीत बोलणार, तिथंच वाढलेली मुलगी इंग्रजीत उत्तर देणार आणि बाप दोघींच्या मध्ये हिंदीत तडजोड करणार. अशाच एका मुलीची आई मला म्हणाली, "डॉक्टर, ही घरात कोणाशी बोलतच नाही." मुलगी म्हणाली, "आय डू टॉक. नोबडी स्टॉप्स टॉकिंग लाँग इनफ." मी आईला बाहेर बसवलं आणि मुलीचं पाऊण तास ऐकलं. तिला काही झालेलं नव्हतं.

खोर फक्कान या किनाऱ्यावरच्या गावचे एक म्हातारे कोळीबाबाही असेच आणले गेले. मुलानं नवं घर बांधलं होतं, प्रत्येक खोलीत एसी. आणि बाप रोज चटई उचलून किनाऱ्यावर झोपायला जायचा. मुलाचं म्हणणं, बापाचं डोकं फिरलं. बाबांना विचारलं तर ते म्हणाले, "त्या घरात समुद्र ऐकू येत नाही. मग मला कसं कळायचं की मी झोपलोय?" मी मुलाला सांगितलं, एक खिडकी उघडी ठेव. खलास. पुढची कितीतरी वर्षं मोसमात मला त्यांच्याकडून ताजी मासळी यायची. शाकाहारी घरात ती कोणाला द्यायची हा प्रश्न आमच्या बायकोनं शेजाऱ्यांवर सोपवला होता.

पण मला सांगायचंय ते वसंताबद्दल. हे त्याचं खरं नाव नाही.

वसंता कुडाळकडचा. बांधकामावर शटरिंगचा सुतार. दुबईतल्या देऱ्यात त्याच्या गावची चार माणसं एका खोलीत राहायची, तोही आधी त्यांच्यातच होता. मग कंपनीनं त्याला उम्म अल कुवैनच्या साइटवर धाडलं. तिथल्या कॅम्पमध्ये त्याच्या बोलीचं कोणीच नव्हतं. थोड्याच दिवसांत गावाहून फोन आला की बापूस गेला. सुट्टी मिळेपर्यंत तिकडं सगळं उरकलंही होतं, म्हणून तो गेलाच नाही. त्यानंतर त्याचं खाणं तुटलं, झोप तुटली. आणि संध्याकाळी कामावरून आला की तो कॅम्पच्या गच्चीवर जाऊन मोठ्यानं बोलायला लागला.

बरोबरच्या लोकांनी आधी दुर्लक्ष केलं. मग एकानं चोरून ऐकलं आणि त्याची पाचावर धारण बसली. वसंता दोन आवाजात बोलत होता. एका आवाजात लांबलचक काहीतरी सांगायचा, मग थांबायचा, आणि दुसऱ्या आवाजात स्वतःच त्याला उत्तर द्यायचा. कॅम्पचा सुपरवायझर घाबरून त्याला दवाखान्यात घेऊन गेला. तिथं त्याला तगडं औषध दिलं गेलं आणि तो आमच्या वॉर्डात आला, तेव्हा त्याची जीभ त्या औषधानं जड झालेली होती.

मी मराठी, म्हणून वसंता माझ्या वाट्याला आला. वॉर्डात सगळ्यांना वाटलं, आता सुटलं कोडं. मलाही तसंच वाटलं.

"गच्चीवर कोणाशी बोलतोस?" मी विचारलं.

"देवाक सांगतंय."

"आणि दुसऱ्या आवाजात बोलतं ते कोण?"

"मीच. हंय दुसरो कोण आसा?"

"मग स्वतःच स्वतःला उत्तर का देतोस?"

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी जेवताना घास तोंडात का घालतोस असं विचारलंय. "देवक होया म्हणान."

द्यायलाच हवं म्हणून देतो. आता आमच्या धंद्यातली अडचण बघा. 'केलंच पाहिजे म्हणून करतो' असं ज्यांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा केल्यावाचून राहवत नाही ते पेशंटही म्हणतात. आणि ज्यांना नसलेले आवाज ऐकू येतात, तेही देवाचं नाव घेतात. मी कोकण पाहिलेलं ते कॉलेजच्या सहलीत, दोन दिवस, त्यातला एक दिवस बस बिघडलेली. त्याच्या बोलण्यातला निम्मा भाग मी अंदाजानं समजून घेत होतो. सुदानी पेशंटबद्दल मी आमच्या वरिष्ठांना दहा प्रश्न विचारले असते. इथं मात्र मराठी माणूस समोर आहे म्हटल्यावर आपल्याला सगळं ठाऊकच आहे असं मी धरून चाललो.

तरी बघत बसायच्या सवयीनं काही गोष्टी खटकत होत्या. ज्याला आवाज ऐकू येतात तो मध्येच दचकतो, मान वळवतो, कारण नसताना हसतो. वसंता तसलं काही करत नव्हता. दिवस मावळायला लागला की तो हात-पाय धुवायचा, खिडकीपाशी उभा राहून त्याचं ते दोन आवाजांतलं बोलणं करायचा, हात जोडायचा आणि शांतपणे येऊन आपलं ताट धुऊन ठेवायचा. आमच्या सिस्टर अ‍ॅन्सीनं, त्या केरळच्या, मला सांगितलंही, "डॉक्टर, ये आदमी पागल जैसा नहीं थकता. बाद में फ्रेश हो जाता है."

आमचे वरिष्ठ डॉ. मुस्तफा, सुदानचे. उंच, सावकाश बोलणारे, कोणाचंही ऐकून घेणारे. पण त्यांना निदान लवकर हवं होतं, कारण कंपनीचा माणूस रोज फोन करत होता. मोठा मानसिक आजार असेल तर व्हिसा रद्द, पेशंट सोबतीसह विमानात आणि पुन्हा परत येणं नाही. तिथली रीत तशी होती.

मी हे वसंताला समजावून सांगायला गेलो. मला वाटलं, नोकरी जाईल म्हणून तो रडेल. तो माझा हात धरून म्हणाला, "सायब, कामावरसून काढल्यानी तरी चलात. पण येडो म्हणान घराक धाडू नकात."

मग तो तुटक तुटक बोलत गेला आणि मी प्रत्येक वाक्य दोनदा विचारत गेलो. त्याचं घर गावातल्या मानकऱ्यांचं. गावच्या जत्रेत सगळ्या गावातर्फे रवळनाथापुढं उभं राहून गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे गावाचं सुखदुःख देवाला मोठ्यानं सांगायचं, हा मान त्यांच्या घराचा. आजवर बापूस सांगत होता. आता थोरला मुलगा म्हणून ते वसंताकडे आलं होतं. येत्या जत्रेला त्यानं उभं राहावं म्हणून गाव वाट बघत होतं, आणि त्यानं आयुष्यात एकदाही गाऱ्हाणं घातलं नव्हतं. म्हणून तो गच्चीवर बापसाचे शब्द आठवून आठवून म्हणत होता.

"येडो झालेल्या माणसाक गाव देवाच्या पुढ्यात उभो करणा नाय," तो म्हणाला. "माझ्या हातसून मान गेलो तर बापसाक काय सांगू?"

त्याला भीती होती ती ही. मी हे सगळं डॉ. मुस्तफांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "डॉक्टर, मनुष्य प्रार्थना करतो, अल्हमदुलिल्लाह, चांगलं आहे. पण तो उत्तर का देतो? मला त्या दुसऱ्या आवाजाचं सांगा." ते मलाही सांगता येईना. मी एवढंच म्हणालो, शुक्रवारी त्याच्या गावचे लोक देऱ्याहून भेटायला येणार आहेत, तोपर्यंत थांबू. ते म्हणाले, "इन्शाल्ला. शुक्रवारी मी पण येतो."

शुक्रवारी दुपारनंतर ते चौघे आले. इस्त्रीचे शर्ट, केस तेल लावून चापून बसवलेले, हातात मोसंब्यांची पिशवी. वॉर्डाच्या दारातच ते अवघडून उभे राहिले. मनोरुग्णांचा वॉर्ड म्हटला की माणसं अशीच पाय मोजत आत येतात. वसंताजवळ जाऊन बसले. एकानं मोसंबं सोललं, ते कोणी खाल्लं नाही. डॉ. मुस्तफा आणि मी दूर बाकावर, जणू आपसात बोलतोय अशा थाटात.

उन्हं कलली. वसंता उठला, हात-पाय धुऊन आला आणि खिडकीपाशी उभा राहिला. त्यानं सुरुवात केली, "बा देवा म्हाराजा! आज तुझा लेकरू परमुलखात उभ्यान तुका हाक मारता..."

आणि ते चौघे ताडकन उठले. एकाच्या मांडीवरची मोसंबी फरशीवर गडगडली, त्यानं बघितलंही नाही. चौघांनी हात जोडले आणि एका सुरात ओरडले, "व्हय म्हाराजा!"

सगळा वॉर्ड चमकला. वसंताही क्षणभर थबकला. दुसरा आवाज काढायला उघडलेलं त्याचं तोंड तसंच राहिलं. मग त्याचा चेहरा असा काही उजळला की तो मला अजून दिसतो. त्यानंतर त्यानं दुसरा आवाज काढलाच नाही. त्याची गरजच नव्हती.

"ह्या हॉस्पिटलात जी लेकरा पडली आसत, कोणाक झोप नाय, कोणाक भूक नाय, त्यांचा तू बरा कर!"

"व्हय म्हाराजा!"

"ही केरळची बाय सगळ्यांचा करता, तिच्या घरादाराक सुखात ठेव!"

"व्हय म्हाराजा!"

"हो मोठो डॉक्टर आणि हो आमचो मराठी डॉक्टर, ह्या दोघांकाय चांगली बुद्धी दी!"

"व्हय म्हाराजा!" हे सगळ्यांत मोठ्यानं.

माझ्या पाठीमागे सिस्टर अ‍ॅन्सी येऊन उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "अरे, ये तो हमारे चर्च जैसा है! फादर बोलता है, हम लोग जवाब देता है." डॉ. मुस्तफा गुडघ्यावर थाप मारून म्हणाले, "हबीबी! माझ्या गावात प्रार्थनेला शेख उभा राहतो, तो म्हणतो आणि सगळे उत्तर देतात. उत्तर द्यायला कोणी नसेल तर म्हणायचं कसं?" मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "शेवटी तो आपल्याबद्दल काय म्हणाला?"

"आपल्या दोघांना देवानं चांगली बुद्धी द्यावी, असं म्हणाला."

"आमीन," डॉ. मुस्तफा म्हणाले. "वुई नीड इट. यू मोर दॅन मी."

केरळची ख्रिस्ती बाई, सुदानचा मुसलमान डॉक्टर, दोघांना एका झटक्यात कळलं. कळलं नव्हतं ते एकट्या मराठी डॉक्टरला. डॉ. मुस्तफांनी हा किस्सा नंतर प्रत्येक पार्टीत सांगितला आणि दर वेळी माझा भोपळा थोडा मोठा करून सांगितला. मी हसून घेतलं. असा भोपळा मिळाला म्हणून एखादा पेशंट सुटत असेल तर रोज मिळो.

वसंताला काहीच झालं नव्हतं असं मी म्हणणार नाही. बाप गेल्याचा घाव होता, तो नीट रडलाही नव्हता, आणि हाक देणाराही तोच आणि उत्तर देणारं गावही तोच, इतका तो एकटा पडला होता. ते जड औषध आम्ही बंद केलं. झोपेपुरतं आणि मन उभं राहण्यापुरतं हलकं औषध ठेवलं. दर शुक्रवारी देऱ्याला जाऊन गावच्या लोकांत बसायचं, हेही मी औषधासारखंच सांगितलं. कंपनीच्या माणसाला कळवलं, घरी मृत्यू झाल्यामुळं शोक होता, आता बरा आहे, कामावर येऊ दे. आणि त्या चौघांना कॉफी पाजून निक्षून बजावलं की गावात यातलं अक्षर बोलायचं नाही. त्यांनी गळ्याची शपथ घेतली.

सगळेच असे सुटले नाहीत. खरोखर मोठा आजार असलेली कितीतरी माणसं मी विमानात बसवली. सोबत एक चिठ्ठी, महिनाभराच्या गोळ्या, आणि पुढं आपल्या गावी त्यांना कोण डॉक्टर मिळणार होता ते मला ठाऊक नसायचं. विमानतळावर त्यांच्या चेहऱ्यावर आजारापेक्षा लाजेचंच ओझं जास्त असायचं. त्यांच्यातल्या बहुतेकांचं पुढं काय झालं ते कधी कळलं नाही. त्याची रुखरुख आजही आहे. ती राहणारच.

वसंता मात्र रजा घेऊन जत्रेला गेला. जाताना भेटायला आला तेव्हा अंगानं भरला होता. मी त्यालाही तेच बजावलं, "हॉस्पिटलचं कोणाला सांगू नकोस. सांगायची काही गरज नाही." तो हसला, हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही.

जत्रा होऊन गेल्यावर एका सकाळी वॉर्डातला फोन वाजला. सिस्टर अ‍ॅन्सीनं मला हाक मारली. कुडाळच्या एसटीडी बूथवरून वसंता बोलत होता, मागे एसटीचा भोंगा आणि माणसांचा कालवा.

"सायब, घातलंय गाऱ्हाणा!"

"शाब्बास! चुकलास का कुठं?"

"नाय. सुरवातीकच सांगान टाकलंय. बा देवा, तुझा लेकरू परमुलखात मन फिरान येड्यांच्या हॉस्पिटलात ऱ्हवान इला, म्हटलंय."

मी कपाळावर हात मारला. एवढी काळजी घेतली, एवढ्या शपथा घातल्या, आणि ह्या बहाद्दरानं देवळात, भरल्या जत्रेत, सगळ्या गावासमोर स्वतःच्या तोंडानं सांगून टाकलं!

"अरे, कशाला सांगितलंस? मी तुला बजावलं होतं ना!"

"देवाच्या पुढ्यात लपवन कसा चलात, सायब?"

"बरं, मग? गाव काय म्हणालं?"

त्याला माझा प्रश्नच कळला नसावा. माझीच समजूत घातल्यासारखा तो म्हणाला, "गाव काय म्हणतलो? सगळो गाव म्हणालो, व्हय म्हाराजा."

लाइनीत खरखर फार होती. मला नीट ऐकू आलं होतं, तरी मी त्याला ते पुन्हा एकदा सांगायला लावलं.